सर्वांनी वाचावी, मोजक्यांनी लिहावी

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आमच्याकडे हा विषय सोपवला तेव्हा आम्ही थोडे कचरलोच. ‘आज्ञावलीचे आवृत्तिभांडार वेब सर्व्हरवर कसे ठेवावे’ ही गोष्ट चार संगणकवाल्यांत बोलायला ठीक आहे. पण दिवसभराचे ऊन उतरल्यावर मोकळ्या हवेला म्हणून येऊन बसणाऱ्या आमच्या श्रोतृवर्गात वकील आहेत, दुकानदार आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, नातवाला मांडीवर घेऊन ऐकणाऱ्या आजीबाईही आहेत. त्यांना ह्यात काय गोडी वाटावी? मग विचार करता ध्यानात आले की ह्या प्रश्नाला संगणकाचा अंगरखा नवा आहे, आतला देह जुनाच आहे. अनेकांनी मिळून एक लिखाण करावयाचे, ते साऱ्या जगास वाचावयास मोकळे ठेवावयाचे, आणि तरीही कोणी आगंतुकाने त्यात एक ओळ घुसडली तर ती ओळखू यावी, असा तो प्रश्न आहे.

आपल्याकडे तो किती जुना आहे ते पाहा. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे तीनशे वर्षे तिच्या हातांनी नकला होत राहिल्या. कोठे नकल करणाऱ्याचा हात चुकला, कोठे त्याने आपल्या समजुतीप्रमाणे शब्द सुधारला, कोठे भक्तीच्या भरात स्वतःची ओवी घातली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली आणि ह्यापुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये असे निक्षून बजावले. नाथांचा हा इशारा वाचणाऱ्याच्या व लिहिणाऱ्याच्या सद्बुद्धीला होता. कोणत्या प्रतीत, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून काय बदलले हे सांगणारे साधन त्या काळी नव्हते. ते साधन आज आहे. मात्र ते सगळेच सांगते असे नाही. काय सांगते आणि काय सांगत नाही, ह्या दोहोंतली रेघ कोठे पडते, हेच आम्हांस आज मुख्यतः सांगावयाचे आहे.

आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करावे हे सांगणारे लिखाण. मोठी आज्ञावली लाखो ओळींची असते आणि ती शेकडो माणसे मिळून लिहितात. एकाच लिखाणाला अनेक हात लागले की काय होते, हे ज्यांच्या घरी लग्न झाले आहे त्यांना सांगावयास नको. निमंत्रितांची एक यादी धाकटा भाऊ करतो, दुसरी आत्या करते. भाऊ आपल्या यादीतली दोन नावे खोडतो, आत्या तीच नावे फोनवरून पुन्हा घालावयास सांगते. शेवटी दोन्ही याद्यांतून एक घर सुटते आणि त्याचा रुसवा पुढे दहा वर्षे पुरतो. कोणी, केव्हा आणि का खोडले ह्याची नोंद असती तर भांडण टळले नसते, पण निदान योग्य माणसाशी झाले असते.

अशी नोंद ठेवणारी व्यवस्था अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड ह्यांनी १९७२ साली प्रथम तयार केली. तिच्यामागून आलेल्या पुष्कळ व्यवस्थांची नामावळी आम्ही येथे वाचत नाही. आज जगात जिचे राज्य आहे ती ‘गिट’ ही व्यवस्था लायनस टॉरवाल्ड्स ह्यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहावयास घेतली, तीही गरजेपोटी. त्यांच्या लिनक्सचे भांडार २००२ पासून बिटकीपर नावाच्या एका खासगी कंपनीच्या व्यवस्थेत होते. ती फुकट वापरण्याची सवलत बंद झाली, तेव्हा ह्या गृहस्थांनी चार दिवसांत स्वतःची नवी व्यवस्था स्वतःचाच इतिहास नोंदवू लागेल इथपर्यंत आणली. त्याच वर्षीच्या जुलैपासून तिची देखभाल जुनिओ हमानो ह्यांच्याकडे आहे.

गिटची युक्ती आपल्या खातेवहीच्याच जातीची आहे. जुन्या वहीत पानाच्या तळाची बेरीज ‘मागील पानावरून’ म्हणून पुढल्या पानाच्या माथ्यावर ओढीत. मधल्या एखाद्या पानावरचा आकडा कोणी नंतर बदलला तर पुढच्या सगळ्या पानांच्या बेरजा चुकत आणि मुनीम पकडला जाई. गिटमध्ये प्रत्येक नोंदीत लिहिणाऱ्याचे नाव, वेळ, बदलाचे कारण, त्या क्षणी सर्व फाइली कशा होत्या त्याची खूण, आणि मागल्या नोंदीचा ठसा इतके असते. ह्या साऱ्यावरून गणिताने चाळीस अक्षरांचा एक नवा ठसा निघतो, आणि तो पुढल्या नोंदीत ओढला जातो. तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीतला एक स्वल्पविराम बदला, त्या नोंदीचा ठसा बदलेल. म्हणून पुढलीचा बदलेल. असे करीत आजचा शेवटचा ठसाही बदलेल. ठसा काढण्याचे हे जुने गणित फोडून दाखवता येते हे २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या व गूगलच्या संशोधकांनी सिद्ध केले. तेव्हापासून गिटमध्ये तसली लबाडी ओळखणारी तपासणी घातली आहे आणि २०२० पासून अधिक लांब, अधिक मजबूत ठशाचीही सोय आहे. तो तपशील येथेच सोडू.

दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली तर गिट स्वतः निवाडा देत नाही. दोन्ही पाठ समोर मांडते आणि थांबते. निवड माणसाने करावयाची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पंडितांनी श्लोकाश्लोकाचे पाठभेद मांडले, त्यांना ही रीत मुळीच परकी वाटली नसती. मात्र आपली कोणती ओळ कोणत्या तारखेस कोणी फिरवली हे सांगणारे गिट त्यांना मिळाले असते तर किती वर्षे वाचली असती, ह्याचा विचार आमच्या मनात अनेकदा येतो.

आता वेब सर्व्हरचा संबंध. गिटमध्ये प्रत्येकाजवळ संपूर्ण वही असते, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मग मध्यवर्ती जागा हवी कशाला? कारण दहाजणांजवळ दहा वह्या असल्या तरी ‘आजची खरी वही कोणती’ ह्यावर एकमत होण्यासाठी एक चावडी लागते. जो तो आपले नवे पान तेथे आणून लावतो आणि इतरांची पाने तेथून घेऊन जातो. ही चावडी वेब सर्व्हरवर थाटण्याचे एक सरळ कारण असे की पुष्कळ कचेऱ्या आणि महाविद्यालये बाहेरच्या जगाकडे जाणारी इतर दारे बंद करतात, पण संकेतस्थळे पाहण्याचे दार उघडे ठेवतात. दुसरे असे की नुसत्या वाचणाऱ्याला कोठे नाव नोंदवावे लागत नाही. पत्ता द्या, प्रत घ्या, झाले.

हे काम सर्व्हर दोन तऱ्हांनी करू शकतो. पहिली तऱ्हा मुक्या शिपायाची: मागितलेली फाइल उचलून द्यावयाची, आत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. त्याला सूचीसुद्धा आपणच दर वेळी ताजी करून द्यावी लागते. दुसरी तऱ्हा जाणत्या कारकुनाची. ती २००९ च्या अखेरीस गिटच्या १.६.६ ह्या आवृत्तीबरोबर आली. हिच्यात वेब सर्व्हरच्या मागे ‘गिट एचटीटीपी-बॅकएंड’ नावाचा छोटा कारकून बसतो. आलेला माणूस म्हणतो, माझ्याजवळ अमुक ठशापर्यंतची पाने आहेत, पुढली हवीत. कारकून तेवढीच पाने काढून, बांधून, गठ्ठा देतो. शंभर पानांसाठी दहा हजार पाने वाहून न्यावी लागत नाहीत.

ह्या कारकुनाचा स्वभाव आम्हांला फार आवडला. त्याला एका कपाटाजवळ बसवले म्हणून त्यातली प्रत्येक वही तो दाखवीत सुटत नाही. ज्या वहीवर ‘दाखवण्यास हरकत नाही’ अशी चिठ्ठी म्हणून एक रिकामी फाइल ठेवलेली असेल तीच दाखवतो, किंवा सगळ्या दाखव असे आपण स्पष्ट सांगावे लागते. आणि नवे पान लावून घेण्याचे काम तर तो अनोळखी माणसासाठी करीतच नाही. वेब सर्व्हरने ‘ह्या माणसाची ओळख पटली, ह्याचे नाव अमुक’ असे त्याला कळवले तरच तो पान घेतो. पण येथेच मेख आहे. ओळख पटवण्याचे काम कारकुनाचे नव्हे. दारावरचा पहारेकरी, म्हणजे वेब सर्व्हर, जे सांगेल ते तो मुकाट्याने मानतो.

आमचा स्वतःचा अनुभव थोडा सांगतो; त्यात फुशारकीसारखे काही नाही. आम्ही चौघांनी एका जुन्या वाचनालयाच्या दुर्मीळ पुस्तकांची यादी करावयास घेतली आणि ती अशा भांडारात ठेवण्याचे ठरवले. पहिल्या दिवशी आम्ही सर्व्हरवर साधे भांडार तयार केले, ज्यात इतिहासाबरोबर चालू फाइलीही उघड्या असतात. तेथे नवे पान लावावयास गेलो तर गिटने साफ नाकारले, आणि ते बरोबरच होते. टेबलावर उघड्या पडलेल्या कागदाखालचे टेबल दुसऱ्याने ओढावे तसा तो प्रकार झाला असता. चावडीवरचे भांडार ‘बेअर’, म्हणजे उघडावाघडा इतिहास तेवढा असलेले, असावे लागते. त्यात बसून कोणी काम करावयाचे नसते. ते सुधारले तरी पान लागेना. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी कळले की भांडाराच्या फाइली आमच्या नावाच्या मालकीच्या होत्या, आणि वेब सर्व्हर चालतो तो त्याच्या स्वतःच्या वेगळ्या नावाने. त्याला वाचण्याची मुभा होती, लिहिण्याची नव्हती. एका ओळीच्या आज्ञेने मालकी बदलली आणि काम चालू झाले. दोन संध्याकाळच्या ह्या मनस्तापाचा फायदा एवढाच की वाचणे आणि लिहिणे ह्या दोन निराळ्या परवानग्या आहेत, हे आमच्या डोक्यात कायमचे बसले.

आता ज्या प्रसंगामुळे हा विषय नुसता कारागिरीचा राहत नाही, तो सांगतो. पीएचपी ही संगणकाची एक भाषा आहे. रॅस्मस लेर्डॉर्फ ह्यांनी ती १९९५ मध्ये जगापुढे ठेवली. जगातली फार मोठी संख्या असलेली संकेतस्थळे तिच्यावर चालतात. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर उभा आहे ती व्यवस्था पीएचपीतच लिहिलेली आहे. ह्या भाषेचे मूळ भांडार तिच्या मंडळींनी स्वतःच्या सर्व्हरवर ठेवले होते. २८ मार्च २०२१ रोजी, रविवारी, त्या भांडारात खुद्द लेर्डॉर्फ ह्यांच्या नावाने एक नोंद आली. कारण लिहिले होते: टंकनदोष सुधारला. आत मात्र अशी सोय होती की संकेतस्थळास भेट देणाऱ्याने एका विशिष्ट शब्दाने सुरू होणारा मजकूर गुपचूप पाठवला की त्यापुढे लिहिलेली कोणतीही आज्ञा त्या सर्व्हरने पाळावी. हे पुढल्या आवृत्तीबरोबर बाहेर गेले असते तर काय झाले असते ह्याची कल्पना करावी. सुदैवाने नवी पाने वाचून पाहणारे लोक जागे होते. काही तासांतच त्यांनी ते हेरले व निकिता पोपोव्ह ह्यांनी ती नोंद उलटवली. त्यावर पुन्हा एक नोंद आली, तीच घाण परत घालणारी; आणि ह्या वेळी नाव होते पोपोव्ह ह्यांचेच!

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गिटच्या नोंदीतले लेखकाचे नाव म्हणजे पत्राखालचे नाव. पत्र लिहिणारा तेथे काहीही लिहू शकतो. ठशाचे गणित ‘हे पान लागल्यानंतर बदललेले नाही’ एवढेच सांगते. ‘पान ज्याच्या नावाचे आहे त्यानेच लिहिले’ असे ते कधीच म्हणत नाही. तेव्हा लेर्डॉर्फ ह्यांचे नाव दिसले म्हणून त्यांच्या किल्लीवर संशय घेण्यास आधार नव्हता. पहिल्या घाईत पोपोव्ह ह्यांनी त्यांचा प्रवेश बंद केला होता, पण त्याला अर्थ नव्हता हे त्यांनीच मागाहून मोकळेपणाने लिहून ठेवले. ज्याला ज्याला त्या भांडारात लिहिण्याची मुभा होती, त्यांपैकी कोणाच्याही वाटेने ते पान आलेले असू शकत होते.

कोणाच्या वाटेने आले हे आवक-जावक रजिस्टरावरून कळावयास हवे. सर्व्हरवर तसे रजिस्टर होते. किल्ल्या तपासून माणसांना आत सोडणारी ‘गिटोलाइट’ नावाची व्यवस्था ते ठेवीत असे. पोपोव्ह ह्यांनी ते चाळले. आगेमागे आलेल्या सगळ्या नोंदींची आवक तेथे होती. ह्या दोन नोंदींची मात्र नव्हती. मंडळींनी स्वाभाविकच अनुमान केले की सर्व्हरच फुटला. त्यांनी तो सर्व्हर सोडून भांडार गिटहबवर हलवण्याचा निर्णय तेथल्या तेथे घेतला.

खरी हकिकत आठवड्याभराने उलगडली. सर्व्हरला आणखी एक दार होते. किल्लीच्या दाराखेरीज वेबच्या वाटेनेही, परवलीचा शब्द देऊन, पान लावता येत असे. तेथे आम्ही वर वर्णन केलेला तोच कारकून बसलेला होता, आणि त्याच्यापुढे पहाऱ्याला अपाची हा वेब सर्व्हर. ह्या दाराने येणाऱ्याची नोंद गिटोलाइटच्या रजिस्टरात होतच नव्हती. वेब सर्व्हरचे स्वतःचे रजिस्टर उघडले तेव्हा तेथे तो पाहुणा सापडला. त्याने दोनचार नावे चाचपून पाहिली होती आणि बरोबर नाव लागताच पहिल्याच फटक्यात आत आला होता. म्हणजे परवलीचा शब्द त्याला आधीच ठाऊक असावा. सदस्यांचे शब्द ज्या दुसऱ्या सर्व्हरवर साठवले होते तेथली आज्ञावली फार जुनी झाली होती, आणि ते शब्द ज्या रीतीने ठेवले होते ती आजच्या मानाने उघड्या कपाटासारखी होती. ते तेथूनच बाहेर गेले असावेत, असा मंडळींचा कयास झाला. हे दुसरे दार ठेवलेच का होते, असा प्रश्न खुद्द पोपोव्ह ह्यांना पडला.

आम्हांला ह्यात दोष देण्यापेक्षा ओळखीची खूण पटते. कोणत्याही जुन्या वाड्याला असे एक मागले दार असते. कोण्या एका काळी कोणाच्या तरी सोयीसाठी ते ठेवलेले असते, त्याची किल्ली कोणाकोणाजवळ आहे हे पुढल्या पिढीला ठाऊक नसते, आणि पहारा मात्र दिंडीदरवाजावर चोख असतो.

ह्याउलट ठशांची व प्रतींची शक्ती कोठे दिसते तेही सांगितले पाहिजे, नाहीतर गिटवर अन्याय होईल. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सचे भांडार असलेल्या सर्व्हरांवरच घुसखोरी झाल्याचे उघड झाले. चारशेहून अधिक लोकांच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या, ते संकेतस्थळ महिन्याहून अधिक काळ बंद राहिले. तरी लिनक्सच्या मूळ लिखाणाविषयी जाणत्यांनी फारशी चिंता केली नाही. कारण तीच वही हजारो लोकांच्या घरी होती. चावडीवरच्या वहीत मागले एक अक्षर बदलले असते तरी पुढल्या देवघेवीत ठसे जुळले नसते. टॉरवाल्ड्स ह्यांनी तेवढ्यापुरता आपला मुक्काम गिटहबवर हलवला आणि काम पुढे चालू ठेवले.

त्याही आधी, नोव्हेंबर २००३ मध्ये, घडलेला प्रकार तर आम्हांला एखाद्या रहस्यकथेसारखा वाटतो. तेव्हा लिनक्सची मुख्य वही बिटकीपरमध्ये होती आणि ज्यांना ती व्यवस्था नको त्यांच्यासाठी एका दुसऱ्या सर्व्हरवर तिची नक्कल ठेवलेली असे. कोणीतरी मुख्य वहीस हात न लावता त्या नकलेतच दोन ओळी घातल्या. वरवर पाहता त्यांत एक साधी विचारणा दिसे: हा माणूस व्यवस्थापक आहे काय? पण विचारण्यासाठी त्या भाषेत बरोबरचे चिन्ह दोनदा लिहावे लागते. येथे ते एकदाच लिहिले होते, आणि एकदा लिहिले की विचारण्याऐवजी ते घडवते: ह्या माणसाला व्यवस्थापक कर! मुख्य वहीत ह्या ओळींची नोंद नाही, हे दोन वह्या पडताळताना दिसले आणि डाव उधळला. एका चिन्हाने भरलेली ही ओवी कोणी घातली ते आजवर जाहीर झालेले नाही.

वाचण्याच्या परवानगीतही एक खड्डा आहे. संकेतस्थळाच्या फाइली जेथे ठेवतात तेथेच काही मंडळी सबंध भांडार नेऊन टाकतात. गिटचा इतिहास एका झाकलेल्या कप्प्यात असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पत्ता टंकला की वेब सर्व्हर तो कप्पाही मुकाट्याने वाटू लागतो. आमच्या पाहण्यात एका संस्थेचे संकेतस्थळ असे आले. तेथे दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत त्यांच्या नोंदपटाचा परवलीचा शब्द स्वच्छ लिहिलेला होता. पुढे कोणाच्या तरी ते लक्षात आले असावे, कारण नंतरच्या नोंदीत तो खोडला होता आणि कारण दिले होते: शब्द काढून टाकला. वही काही विसरत नाही, हाच तिचा गुण. खोडलेलेही ती जपून ठेवते. अशा वेळी इतिहास पुसत बसण्याआधी तो शब्दच बदलून टाकावा लागतो. आम्ही त्या मंडळींना कळवले आणि त्यांनी त्याच दिवशी बदलला.

मग पहारा कसा असावा? वाचणाऱ्यासाठी दार मोकळे, पण लिहिणाऱ्यासाठी एकच दार आणि एकच रजिस्टर, हा पहिला नियम आम्ही पाळतो. वेबच्या वाटेने लिहू द्यावयाचे असेल तर सारा व्यवहार कुलूपबंद जोडणीवरून चालला पाहिजे; त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र गेली काही वर्षे फुकट मिळते, तेव्हा सबब उरलेली नाही. परवलीचा शब्द माणसाने स्वतः निवडलेला नसावा, आणि सर्व्हरवर तो अशा रीतीने साठवावा की यादी चोरीस गेली तरी शब्द उलगडण्यास चोराला वर्षे लागावीत. शक्य तर शब्द नकोच, किल्ली असावी. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून नोंदी पाठवण्यासाठी नुसता परवलीचा शब्द चालेनासा केला, तो ह्याच विचाराने. ज्याला आपल्या नावाची अब्रू राखावयाची असेल त्याने नोंदीवर संगणकी सही करावी. मग पत्राखालचे नाव आणि हस्ताक्षर जुळते की नाही हे कोणीही पाहू शकतो. लागलेली पाने मागून फिरवण्याची मुभा सर्व्हरवर बंद ठेवावी. तशी एक ओळीची तरतूद गिटमध्ये आहे.

आता आमच्या काही मित्रांचे म्हणणे असे की हा सारा खटाटोप हवा कशाला? मोठ्या कंपन्या भांडार ठेवण्याची जागा फुकट देतात, तेथे जावे. पीएचपीची मंडळीही शेवटी तेथेच गेली. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. चोवीस तास पहारा देणे चार हौशी माणसांचे काम नव्हे. पण भाड्याच्या जागेचे नियम मालक ठरवतो. गूगलने आपले असे भांडारघर २०१६ च्या जानेवारीत बंद केले आणि तेथल्या सर्वांना बिऱ्हाड हलवावे लागले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे गिटहबवरची इराणमधल्या लोकांची खासगी भांडारे त्यांना एकाएकी दुरावली. ती परवानगी २०२१ च्या जानेवारीत परत मिळाली.

शिवाय मोठ्या घरीही अपघात होतात. गिटलॅब ह्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० गिगाबाइटचा नोंदपट नाहीसा होत होता. त्याने हात आवरला तेव्हा साडेचार उरले होते. राखीव प्रती घ्यावयाच्या तऱ्हा कागदोपत्री अनेक होत्या. त्यांतली एक दोन आवृत्त्यांच्या न जुळण्यामुळे कित्येक दिवस अपयशी ठरत होती, आणि तसे कळवणारी पत्रे टपालव्यवस्था परत लावीत होती, म्हणून ती कोणाला दिसलीच नव्हती. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीवरून कारभार उभा राहिला. लोकांची गिटची भांडारे ह्यात शाबूत राहिली; गेली ती त्यांच्याभोवतीची चर्चा, तक्रारी आणि शेरे, कारण ती वहीत नव्हती, कंपनीच्या नोंदपटात होती. कंपनीने ही सारी हकिकत लपवून न ठेवता प्रसिद्ध केली, ह्याबद्दल आम्हांला तिच्याविषयी आदरच वाटतो.

आमच्या चौघांपुरते आम्ही असे केले आहे की लिहिण्याची वही आमच्या लहानशा सर्व्हरवर राहते, आणि तिची तंतोतंत प्रत रोज रात्री मोठ्या कंपनीच्या जागेत जाते. शिवाय एक प्रत वाचनालयाच्या कपाटातल्या डिस्कवर उतरते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकजण जुना लॅपटॉप काढतो, त्या डिस्कवरून सारे भांडार नव्याने उभे करतो, ठसे पडताळण्याची आज्ञा देतो आणि जमले की नाही ते साध्या कागदी रजिस्टरात लिहून सही करतो. यंदाच्या मार्चमध्ये ते जमले नाही. डिस्कवरची जागा जानेवारीतच संपत आली होती आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून प्रत उतरतच नव्हती. तसे कळवणारी पत्रे आम्ही वर्षापूर्वी सोडून दिलेल्या पत्त्यावर जात होती. डिस्क बदलली, पत्ता बदलला, आणि पुढल्या रविवारची वाट न पाहता सोमवारी संध्याकाळी पुन्हा एकदा सगळे उभे करून पाहिले. एकूण २१४ नोंदी, शेवटचा ठसा सर्व्हरवरच्या ठशाशी जुळला, आणि रजिस्टरात तशी सही झाली.